एका पेशीचं विरजण : बिअरचं यीस्ट शुद्ध करणारा रंगारी एमिल हॅन्सन

बेळगाव असो, म्हापसा असो की इंदूर, घरातलं विरजण संपलं की शेजारी वाटी घेऊन जायची रीत आपल्याकडे अजून टिकून आहे. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधाला, आजच्यातलं उद्याच्या. वर्षानुवर्षं हे चालतं. मग एक दिवस दही तार धरतं, नाहीतर कडवट लागतं. घरातली बाई ते विरजण टाकते आणि दुसरीकडून आणते. का बिघडलं, हे सहसा कोणी विचारत नाही.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बिअरच्या कारखान्यांचं नेमकं असंच चाललं होतं. फरक इतकाच की तिथं वाटीच्या जागी मोठाली पिंपं होती आणि बिघडलं तर हजारो लिटर माल गटारात ओतावा लागायचा. का बिघडतं, या प्रश्नाचं पक्कं उत्तर डेन्मार्कमधल्या एका माणसानं शोधलं. त्याची सुरुवात भिंती रंगवण्यापासून झाली होती. त्याचं नाव एमिल क्रिस्टियन हॅन्सन. आज जगात जिथं कुठं बिअरचं यीस्ट काढून पुन्हा वापरलं जातं, मग तो मोठा कारखाना असो की परदेशातल्या हौशी माणसाचं स्वयंपाकघर, तिथं या माणसाच्या कामावरच पाय ठेवून पुढं जावं लागतं.

रीबेचा रंगारी

हॅन्सन यांचा जन्म ८ मे १८४२ चा, डेन्मार्कच्या युटलंड भागातल्या रीबे या गावचा. रीबे हे त्या देशातलं सगळ्यांत जुनं शहर मानलं जातं. वडील घरं रंगवायचे. घरात पैशाची कायम ओढाताण. मुलगाही त्याच धंद्यात पडला आणि रंगारी कारागीर झाला. पण त्याला भिंती रंगवायच्या नव्हत्या, चित्रं काढायची होती. त्यानं कोपनहेगनच्या कला अकादमीत प्रवेशासाठी प्रयत्न केला, तिथं नकार मिळाला.

इथं एखादा खचला असता आणि आयुष्यभर ब्रश-बादली घेऊन फिरला असता. हॅन्सन यांनी दुसरी वाट धरली. होल्स्टाइनबोर्ग इथल्या एका जहागिरीवर ते मुलांना शिकवायला राहिले. त्या भागात पेडर नील्सन नावाचे एक शिक्षक होते, त्यांना वनस्पतींचा मोठा नाद होता. त्यांच्या सहवासात हॅन्सन यांना झाडंपाला, गवत, बुरशी यांची गोडी लागली. चित्रकाराची नजर वाया गेली नाही. ती आता पानावरचे डाग आणि बुरशीचे आकार टिपू लागली.

पण विद्यापीठाचं दार उघडायचं तर परीक्षा पास होणं भाग होतं. नोकरी करत, अभ्यास करत हॅन्सन यांनी ती परीक्षा १८७१ मध्ये दिली. तेव्हा त्यांचं वय २९ होतं. बरोबरीची मुलं त्या वयात शिक्षण संपवून स्थिरस्थावर झालेली असतात. कोपनहेगनमध्ये शिकताना शिकवण्या, लिखाण, भाषांतर असं मिळेल ते काम त्यांनी केलं. प्राणिशास्त्रज्ञ यापेतुस स्टीनस्ट्रुप यांच्या हाताखालीही ते काही काळ होते. १८७६ मध्ये शेणावर उगवणाऱ्या डॅनिश बुरशींवरच्या निबंधाला विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी मित्र आल्फ्रेड यॉर्गेनसन यांच्यासोबत त्यांनी डार्विनच्या बीगल जहाजावरच्या प्रवासवर्णनाचं डॅनिश भाषांतरही प्रसिद्ध केलं.

शेणावरच्या बुरशीचा अभ्यास म्हटलं की लोक हसतात. पण बारीक जिवांकडे तासन् तास बघत बसायचा सराव हॅन्सन यांना तिथंच झाला आणि पुढं तोच त्यांच्या उपयोगी पडला.

म्युनिकहून आलेलं यीस्ट

आता गोष्टीत दुसरा माणूस येतो. हॅन्सन रीबेत तीन वर्षांचे होते, तेव्हा म्हणजे १८४५ मध्ये कोपनहेगनचे एक बिअर उत्पादक म्युनिकला गेले. त्यांचं नाव जे. सी. याकोबसेन. डेन्मार्कमध्ये त्या काळी जी बिअर व्हायची तिचं यीस्ट वर फेसात तरंगायचं. बव्हेरियात मात्र थंड तळघरात, सावकाश, तळाशी बसणाऱ्या यीस्टनं बिअर व्हायची. ती स्वच्छ दिसायची आणि जास्त टिकायची. हिलाच आज आपण लागर म्हणतो. याकोबसेन यांना ती आपल्या गावात करायची होती.

म्युनिकच्या श्पाटन कारखान्याचे मालक गाब्रिएल झेडल्मायर यांच्याकडून त्यांनी यीस्ट घेतलं. तेव्हा बर्फपेटी नाही, की सगळीकडे रेल्वे नाही. घोडागाडीच्या त्या लांबलचक प्रवासात ते यीस्ट उन्हानं मरू नये म्हणून गाडी थांबेल तिथं याकोबसेन भांड्यांवर गार पाणी ओतत राहिले, असं सांगतात. यीस्ट जिवंत पोचलं. त्यावर बिअर झाली, धंदा वाढला, आणि १८४७ मध्ये कोपनहेगनबाहेर वाल्बीच्या टेकडीवर नवा कारखाना उभा राहिला. मुलाचं नाव कार्ल आणि टेकडीला बर्ग, म्हणून कार्ल्सबर्ग.

यीस्ट पुन्हा वापरणं म्हणजे काय, ते इथं थोडक्यात सांगायला हवं. सातू भिजवून, मोड आणून, वाळवून माल्ट करतात. माल्ट गरम पाण्यात मुरवला की गोड रस निघतो. तो हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळून गार करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट ही एकपेशीय बुरशी. ती रसातली साखर खाते, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हे करताना ती स्वतःही वाढते. एका खेपेला जितकं यीस्ट घातलं त्याच्या तीन-चार पट किंवा जास्तच शेवटी तळाला गोळा होतं. बिअर वरून काढून घेतली की हा गाळ पुढच्या खेपेला वापरायचा. उरलेलं विकायचं किंवा टाकायचं.

कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर यीस्ट हे असं भांडवल आहे की जे दर खेपेला व्याजासकट परत येतं. कारखानदार मग ते विकत कशाला घेईल? म्युनिकहून एकदा आणलेल्या भांडवलावर याकोबसेन यांचा कारखाना वर्षानुवर्षं चालला, तो असा.

मालकाची प्रयोगशाळा

याकोबसेन हे नुसते पैसा करणारे नव्हते. आपला धंदा विज्ञानावर उभा राहावा, अशी त्यांची धडपड असे. १८७५ मध्ये त्यांनी कारखान्यालगत प्रयोगशाळा काढली आणि १८७६ मध्ये तिच्यासाठी कार्ल्सबर्ग प्रतिष्ठान स्थापन केलं. प्रयोगशाळेच्या नियमात त्यांनी एक कलम घातलं : इथं जे काही महत्त्वाचं सापडेल ते लपवून ठेवायचं नाही, सगळ्यांसाठी प्रसिद्ध करायचं. म्हणजे शोध आपल्या पैशानं लागणार आणि प्रतिस्पर्ध्यालाही फुकट मिळणार. एखाद्या व्यापाऱ्यानं असं कलम स्वतःहून लिहावं, याचं आजही आश्चर्य वाटतं.

या प्रयोगशाळेत रसायनाचा विभाग योहान केल्डाल यांच्याकडे होता. अन्नातल्या प्रथिनांचं मोजमाप करायची त्यांची १८८३ ची पद्धत आजही त्यांच्याच नावानं चालते. हॅन्सन १८७७ पासून कार्ल्सबर्गमध्ये काम करू लागले. बिअरमध्ये आणि बिअरच्या रसात कोणकोणते सूक्ष्मजीव सापडतात यावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १८७९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी ते शरीरक्रिया विभागाचे प्रमुख झाले आणि मरेपर्यंत तिथंच राहिले.

सुरुवातीची काही वर्षं त्यांनी कारखान्याभोवतीच्या हवेचा अभ्यास केला. हवेत यीस्ट असतं का, कधी जास्त असतं, कुठून येतं? बागांमध्ये फळं पिकतात त्या दिवसांत, म्हणजे उन्हाळा सरता सरता, हवेत रानटी यीस्ट वाढतं असं त्यांना दिसलं. पिकल्या, फुटक्या फळांवर वाढणारं एक यीस्ट पावसानं धुऊन जमिनीत जातं, हिवाळा मातीत काढतं आणि पुढच्या मोसमात पुन्हा फळांवर येतं, हा सगळा फेरा त्यांनी उलगडून दाखवला. त्या काळी गोड रस उथळ, उघड्या हौदांत गार करत. म्हणजे रानातल्या यीस्टला आत यायला दार उघडंच होतं.

१८८३ : बिअर कडू झाली

१८८३ साली कार्ल्सबर्गच्या जुन्या कारखान्यातली बिअर बिघडू लागली. चव नकोशी कडवट, वासही वाईट. असं इतर कारखान्यांतही होत असे. त्याला बिअरचा आजार म्हणत आणि तो कुठून येतो याचं त्या काळचं उत्तर फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी दिलेलं होतं. १८७६ च्या त्यांच्या बिअरवरच्या ग्रंथानुसार दोष जिवाणूंचा होता. त्यावर यीस्टला टार्टरिक आम्ल घालून साफ करायचा उपायही होता.

हॅन्सन यांनी बिघडलेल्या बिअरचं यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. जिवाणू कारण असते तर ते दिसले असते. पण त्यांना वेगळाच संशय आला : दोष यीस्टमध्येच आहे. तळाचा जो गाळ आपण एकच यीस्ट म्हणून जपतो, तो अनेक जातींच्या यीस्टची सरमिसळ आहे आणि त्यातली एखादी जात बिअर कडू करत असावी.

हे बोलायला सोपं वाटतं. पण ते कोणाच्या यीस्टबद्दल होतं ते बघा. मालकानं तरुणपणी स्वतः म्युनिकहून जपत आणलेलं, ज्यावर सगळं वैभव उभं राहिलं ते यीस्ट. आणि त्यात घाण शिरली आहे असं सांगणारा माणूस त्याच मालकाच्या पगारावर होता.

एक पेशी वेगळी काढायची कशी?

संशय सिद्ध करायचा तर प्रत्येक जात वेगळी काढून तिची बिअर करून बघायला हवी. यीस्टची पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. ती चिमट्यात धरता येत नाही. हॅन्सन यांनी मोजणीची युक्ती केली. थोडं यीस्ट निर्जंतुक पाण्यात मिसळायचं. थेंबात किती पेशी आहेत त्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. मग पाणी वाढवत वाढवत ते इतकं पातळ करायचं की एका मापात सरासरी एखादी पेशी किंवा त्याहून कमीच यावी. असं एकेक माप निर्जंतुक रसाच्या एकेका चंबूत घालायचं, जोरात हलवायचं आणि मग चंबू न हलवता ठेवून द्यायचे.

काही दिवसांनी काही चंबूंत काहीच उगवत नसे, काहींत तळाला यीस्टचे दोन-तीन ठिपके दिसत, आणि काहींत एकच ठिपका. एक ठिपका म्हणजे आत एकच पेशी गेली होती आणि ती पूर्ण वसाहत तिचीच संतती. पुढं जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांच्या जिलेटिनच्या पद्धतीत सुधारणा करून त्यांनी काम आणखी पक्कं केलं. काचेवर जिलेटिनचा पातळ थर द्यायचा, एकटी पडलेली पेशी सूक्ष्मदर्शकातून हेरायची, तिची जागा खूण करून ठेवायची आणि ती वाढताना डोळ्यांनी बघायची.

दिसायला सगळी यीस्टं जवळजवळ सारखीच, मग जात ओळखायची कशी? त्यासाठी त्यांनी प्लास्टरच्या ओल्या ठोकळ्यांवर यीस्ट उपाशी ठेवून बघितलं. उपासमारीत यीस्ट बीजाणू तयार करतं. रानटी जाती ते लवकर करतात, कारखान्यातलं चांगलं यीस्ट उशिरा. ठरावीक तापमानात किती तासांत बीजाणू आले त्यावरून आत रानटी यीस्ट आहे का ते कळू लागलं.

कार्ल्सबर्गच्या यीस्टमधून त्यांनी चार जाती वेगळ्या काढल्या आणि प्रत्येकीची बिअर करून पाहिली. चांगली बिअर एकाच जातीनं दिली. तिला त्यांनी कार्ल्सबर्ग तळयीस्ट क्रमांक १ असं नाव दिलं. कडू चवीचा दोषी उरलेल्या रानटी जातींत होता.

थोडी रानटी भेसळ इतकं नुकसान कसं करते, त्याचा एक अंदाजी हिशेब मांडता येतो. समजा, हजार पेशींत एक रानटी आहे. चांगलं यीस्ट दर खेपेला चौपट वाढतं, रानटी पाचपट. फरक किरकोळ वाटतो. पण तोच गाळ पुन्हा पुन्हा वापरत गेलो तर १० खेपांनंतर रानटी पेशी शंभरात एकच्या आसपास होतात आणि २० खेपांनंतर शंभरात आठ. चक्रवाढ व्याज जसं मुद्दलावर चढतं तसंच ते कर्जावरही चढतं. यीस्ट जपणारा कारखानदार आपला नफा मोजत होता, कर्ज त्याच खात्यावर वाढत होतं.

१२ नोव्हेंबर १८८३

याकोबसेन यांना सुरुवातीला हे पटलं नाही. पिढ्यान् पिढ्यांचं यीस्ट सोडून प्रयोगशाळेतल्या एका पेशीवर अख्खा कारखाना चालवायचा, यात धोका होताच. पण ते शेवटी प्रयोग मानणारे गृहस्थ होते. प्रयोग करून बघितला गेला. १२ नोव्हेंबर १८८३ रोजी जुन्या कार्ल्सबर्ग कारखान्यात एका पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट पहिल्यांदा प्रत्यक्ष उत्पादनात घातलं गेलं. बिअर चांगली झाली. नंतर त्या कारखान्यानं जुनं मिश्र यीस्ट सोडून दिलं.

एका पेशीपासून पिंपभर यीस्ट करायचं तर चंबू, मोठा चंबू, मग भांडं अशी पायरी पायरीनं वाढ करावी लागते, आणि प्रत्येक पायरीला हवेतलं रानटी यीस्ट आत शिरू द्यायचं नाही. यासाठी हॅन्सन आणि कारखान्याचे संचालक कॅप्टन क्यूले यांनी मिळून बंद भांड्यांचं एक यंत्र तयार केलं. आत निर्जंतुक रस आणि गाळलेली हवा, बाहेर तयार शुद्ध यीस्ट. कारखान्यातलं यीस्ट जरा बिघडल्यासारखं वाटलं की या यंत्रातून ताजं घ्यायचं. म्हणजे पुनर्वापर थांबला नाही. फक्त आता मागं जाऊन पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करता येऊ लागली. मूळ यीस्ट टिकवायला त्यांनी १० टक्के साखरेचं पाणी वापरलं. त्यात ते वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

दुसऱ्या वर्षी, १८८४ मध्ये, वैद्यकीय परिषदेसाठी कोपनहेगनला आलेले पाश्चर कार्ल्सबर्गची प्रयोगशाळा बघायला गेले. आपल्याच पुस्तकाला पुढं नेणारं आणि काही ठिकाणी दुरुस्त करणारं काम त्यांच्यासमोर होतं.

गुपित ठेवलं नाही

आता याकोबसेन यांच्या त्या कलमाची खरी परीक्षा झाली. त्या काळी शुद्ध यीस्ट म्हणजे सोन्याची खाण. दडवून ठेवलं असतं तर युरोपभरचे स्पर्धक मागं पडले असते. कार्ल्सबर्गनं पद्धत छापून प्रसिद्ध केली आणि मागेल त्या कारखान्याला यीस्टही दिलं. म्युनिकहून याकोबसेन यांना जे यीस्ट मिळालं होतं त्याची परतफेड, असंही याकडे बघता येईल. ३० एप्रिल १८८७ रोजी याकोबसेन रोममध्ये वारले. जुना कारखाना त्यांनी आधीच प्रतिष्ठानाच्या नावे करून ठेवला होता.

सगळ्यांनी हॅन्सन यांना डोक्यावर घेतलं असं मात्र नाही. फ्रान्स, जर्मनी, इंग्लंडमध्ये वाद झाले. टार्टरिक आम्लानं यीस्ट साफ करायची पाश्चर यांची पद्धत जिवाणू कमी करते, पण रानटी यीस्टला उलट मोकळं रान देते, असं हॅन्सन यांनी दाखवल्यावर पाश्चर यांचे चाहते नाराज झाले. इंग्लंडच्या कारखानदारांचा आक्षेप वेगळा होता. त्यांची बिअर वर तरंगणाऱ्या यीस्टची, महिनोन् महिने मुरवायची. एका जातीच्या यीस्टनं तिला ती चव येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

ते अगदीच चुकीचं नव्हतं. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्याच नव्या कारखान्यात काम करणारे एन. एच. क्लाउसेन यांनी दाखवून दिलं की मुरलेल्या इंग्रजी बिअरची खास चव एका दुसऱ्याच यीस्टमुळं येते. त्याला त्यांनी ब्रेटानोमायसेस नाव दिलं. एका कारखान्यात जे यीस्ट रोग ठरलं असतं ते दुसरीकडे चवीचा जीव होतं. तरी तेही कळलं ते हॅन्सन यांच्याच पद्धतीनं, एकेक जात सुटी करून.

शेवटची वर्षं

हॅन्सन पुढंही थांबले नाहीत. व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंच्या जाती त्यांनी वेगळ्या केल्या. यीस्टच्या जातींची नावं, वर्गवारी, बीजाणू यांवर शेवटपर्यंत लिहीत राहिले. कार्ल्सबर्गच्या त्या तळयीस्टला १९०८ मध्ये त्यांनी सॅकरोमायसेस कार्ल्सबर्गेन्सिस असं शास्त्रीय नाव दिलं. २७ ऑगस्ट १९०९ रोजी हॉर्नबेक इथं त्यांचं निधन झालं. वय ६७ होतं. त्याच वर्षी, त्याच प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी आम्लता मोजायचं पीएच हे माप मांडलं.

घरगुती बिअर आणि हॅन्सन

आपल्याकडे परवान्याशिवाय बिअर करणं कायद्यात बसत नाही, आणि वडोदऱ्याच्या वाचकांना तर हा विषयच दुरून बघायचा. पण ब्रिटननं १९६३ मध्ये घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढली, अमेरिकेनं १९७८ मध्ये कायदा बदलला. तिथं गेलेली आपली बरीच मुलं सुट्टीच्या दिवशी हा उद्योग करतात. तेही यीस्ट साठवतात. त्यांच्या रीतीत हॅन्सन यांचं काम ठिकठिकाणी दिसतं.

बिअर वरून काढली की थोडी तळाला ठेवून भांडं हलवायचं आणि तो गाळ उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवून निर्जंतुक बरणीत घ्यायचा. जड, काळपट गाळ खाली बसतो, दुधट रंगाचा यीस्टचा थर वर राहतो. तो घेऊन फ्रिजमध्ये ठेवायचा. झाकण घट्ट लावायचं नाही, आत वायू साठतो. शक्यतो थोड्या आठवड्यांत वापरायचा, आणि फार कडक किंवा फार हॉप्स घातलेल्या बिअरचं यीस्ट पुढं न्यायचं नाही, कारण ते दमलेलं असतं.

पण पाण्यानं धुतल्यानं यीस्ट शुद्ध होतं हा गैरसमज आहे. धुण्यानं गाळ जातो, रानटी पेशी जात नाहीत. आम्लानं धुतलं तर बरेच जिवाणू मरतात, रानटी यीस्ट तरीही उरतं. सव्वाशे वर्षांपूर्वी हॅन्सन हेच सांगत होते. म्हणून जाणकार पाच ते दहा खेपांनंतर ताजं यीस्ट आणतात, बिअर बिघडायची वाट बघत नाहीत. वास वेगळा आला की एक खेप वाचवायच्या मोहात न पडता बरणी रिकामी करतात.

आपल्याकडेही हे अगदी परकं नाही. गोव्यात पोदेर पूर्वी पावाचं पीठ माडाच्या सुरेनं फुगवायचे. सुरेत जे यीस्ट असे ते हवेतून, झाडावरून आलेलं रानटीच. पावाला त्याची गोडी होती, पण रोजचा पाव सारखाच येईल याची हमी नव्हती. पुढं बाजारात मिळणारं यीस्ट आलं. ते शुद्ध वाणापासून वाढवतात, आणि त्या कामाची मूळ पद्धत हॅन्सन यांचीच.

शुद्ध म्हणजे काय?

या गोष्टीला विज्ञानानं नंतर एक गंमतीशीर कलाटणी दिली. लागरचं ते यीस्ट, ज्याला हॅन्सन यांनी शुद्ध म्हणून वेगळं काढलं, ते दोन जातींचा संकर आहे असं कळलं. एक बाजू पाव आणि वर तरंगणाऱ्या यीस्टची नेहमीची जात. दुसरी बाजू बराच काळ सापडत नव्हती. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी ती जात दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियात, थंड जंगलातल्या झाडांवर सापडल्याचं प्रसिद्ध केलं. एकाच पेशीत दोन घराणी नांदत होती. सीमाभागातल्या माणसाला याचं फारसं नवल वाटू नये. हॅन्सन यांचं शुद्ध याचा अर्थ इतकाच होता की बरणीत काय आहे हे ठाऊक असावं आणि पुढच्या खेपेलाही तेच असावं.

२०१३ मध्ये कार्ल्सबर्गच्या जुन्या तळघरात १८८३ च्या काळातली एक बाटली सापडली. तळाच्या गाळात काही यीस्ट पेशी अजून जिवंत होत्या. प्रयोगशाळेनं त्या वाढवल्या, त्यांच्यावर जुन्या रीतीनं बिअर केली आणि २०१६ मध्ये ती लोकांना चाखायला दिली. रंगाऱ्याच्या मुलानं निवडलेल्या यीस्टवर १३० वर्षांनी पुन्हा एक खेप निघाली.